हौशी होणं परवडेना

मी व्यावसायिक गोल्फर झालो, कारण हौशी गोल्फर होणं मला परवडत नव्हतं. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना हे सांगितलं की मित्रांना वाटतं, मी फिरकी घेतोय. पण हिशोब सरळ आहे. हौशी खेळाडूला मोठ्या स्पर्धांत उतरायचं तर अधिकृत हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा लागतो. हँडिकॅप क्लबमार्फत मिळतो आणि क्लबचं सभासदत्व म्हणजे ज्याच्या वाडवडिलांनी नाव घालून ठेवलंय त्याचं काम. बरं, जिंकलात तरी फार पैसे नाहीत. हौशी खेळाडूला किती किमतीचं बक्षीस घेता येईल यावर मर्यादा आहे. 2022 पासून ती 1000 डॉलर झाली, त्याआधी त्याहून कमी होती. खर्च मात्र सगळा स्वतःच्या खिशातून. दुसऱ्याची बॅग उचलणाऱ्या, म्हणजे कॅडीचं काम करणाऱ्या पोराला यातलं काय झेपणार? त्याच्यासाठी एकच दार उघडं असतं. फॉर्म भरायचा, फी भरायची, आपण प्रो झालो असं जाहीर करायचं आणि क्यू-स्कूलला जाऊन उभं राहायचं. शाळा नाही हो ती, पात्रता स्पर्धा असते.

इंडियन ओपनची विजेत्यांची यादी बघितली तरी हे दोन रस्ते दिसतात. ही स्पर्धा 1964 साली सुरू झाली आणि पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसननं जिंकली. पुढच्याच वर्षी बिल्लू सेठी जिंकले, ते हौशी होते. त्यानंतर दुसरा भारतीय विजेता मिळायला 1991 साल उजाडलं. तो होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करून वर आलेला. 1993 ला त्यानं ती परत जिंकली. 2009 ला बंगळुरूचा मुनियप्पा, तोही कॅडीच. 2016 आणि 2017 ला लागोपाठ एसएसपी चौरसिया, ज्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते. कॅडींच्या शेडमध्ये ही नावं अशी घेतली जातात, जशी आमच्याकडे तालमीत जुन्या पैलवानांची घेतात. जीव मिल्खा सिंग, अर्जुन अटवाल, अनिर्बन लाहिरी यांच्याबद्दल आदर आहेच. पण ते टीव्हीवरचे, हे आपले.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. थोडी बागायत, ऊस, आलं, पावसाळ्यात घेवडा. धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पुण्याला एका गोल्फ मैदानावर माळी म्हणून लागले होते. वडिलांनी जन्मभर उसातली हराळी खुरपून बांधावर टाकली आणि तात्या तीच हराळी जोपासायचा पगार घेत होते. खोटं नाही सांगत. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे ज्या खळग्यात बॉल घालायचा त्या होलभोवतीच्या गुळगुळीत जागेवर, आपल्याकडे जे बर्म्युडा गवत असतं ते हराळीच्याच कुळातलं, निवडून सुधारलेलं. रोज तीन-चार मिलिमीटरवर कापायचं, ठरलेल्या वेळी पाणी, अधूनमधून वरून बारीक वाळूचा थर. वडील पहिल्यांदा मैदान बघायला आले तेव्हा ग्रीनच्या कडेला उकिडवे बसले, तळहात फिरवला आणि म्हणाले, "आरं, ही तर हराळीच की. हिच्यापायी एवढी माणसं ठेवल्यात व्हय?" तात्यांनी त्यांना पाण्याचं, खताचं सगळं समजावलं. ते पटलं. चांगल्या गवतावर मुद्दाम वाळू टाकायची हे मात्र वडिलांना आजतागायत पटलेलं नाही.

दहावीच्या सुट्टीत मी तात्यांकडे राहायला गेलो आणि ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, बॉल गोळा करायला लागलो. उंची वाढली तशी बॅग उचलायला मिळाली. बॅगेत नियमानं जास्तीत जास्त 14 क्लब (बॉल मारायच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात), वर छत्री, पाणी, बॉल, पावसाळी कपडे. बारा-पंधरा किलो वजन सहज होतं. ते घेऊन अठरा होल, आठ ते दहा किलोमीटर चाल आणि चार-पाच तास. पण कॅडीचं काम हे हमालीचं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा कॅडीशिवाय खेळून बघावं.

खरं काम ग्रीनवर असतं. बॉल आणि होल यांच्यामधली जमीन वाचायची. उतार कुठं, ओल कुठं, आणि हराळी असल्यामुळे तिची लव कुठल्या अंगाला झुकलीय. होलकडे बघताना गवत चकाकत दिसलं तर लव आपल्यापासून लांब झुकलेली, पट, म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता फटका, पळणार. काळपट दिसलं तर लव अंगावर आलेली, पट मध्येच अडकणार. शिवाय एकच ग्रीन सकाळी दवात वेगळं, दुपारी वेगळं आणि संध्याकाळी गवत वाढल्यावर आणखी वेगळं. हे तात्यांनी मला शिकवलं, कारण कापणारे तेच होते. कापल्यावर मशिनचे पट्टे कुठल्या दिशेनं गेलेत हे त्यांना पाठ असायचं. मग खेळाडूला सांगायचं, "साहेब, दीड कप लेफ्ट." कप म्हणजे होलच, त्याचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे दीड कप किती ते मनात धरायचं. पट गेला तर साहेबांनी मारला, नाही गेला तर कॅडीनं लाईन चुकीची दिली. या नियमाला अपवाद मी पाहिलेला नाही.

दुसऱ्याचा बॉल वर्षानुवर्षे वाचत राहिल्यावर एक गोष्ट आपोआप घडते. माणूस बॅगेजवळ कसा येतो, कुठल्या क्लबला हात घालतो, यावरून तो काय मारणार ते कळायला लागतं. पाण्यावरून मारायचं असेल तर बहुतेक जण अंतर सांगतात ते खरं नसतं, त्यांच्या आयुष्यातल्या सर्वात चांगल्या फटक्याचं असतं. मी मुकाट्यानं त्याहून जरा लांब मारणारा क्लब काढून हातात द्यायचो. काही साहेब रागवायचे, काही पुढच्या वेळी मलाच मागून घ्यायचे.

सोमवारी मैदान देखभालीसाठी सभासदांना बंद असायचं आणि त्या दिवशी आम्हाला खेळता यायचं. माझा पहिला सेट म्हणजे पाच कंपन्यांचे सात क्लब. कुणी नवा घेतला म्हणून जुना दिलेला, कुणी रागात वाकवलेला आणि आम्ही सरळ केलेला. शिकवायला कोणी नव्हतं. ज्याचा स्विंग आवडला त्याची नक्कल करायची. त्यामुळे कॅडीचा स्विंग लांबून ओळखू येतो. दिसायला ओबडधोबड, पण ग्रीनच्या जवळ आला की तो माणूस बदलतो. चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा उचलता फटका, आणि पट यांना पैसे लागत नाहीत. शेडच्या मागे वीत-दीड वीत जागा आणि एक बॉल पुरतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. मैदान बंद म्हणजे कॅडीचं उत्पन्न बंद. कॅडीला पगार नसतो, ज्या दिवशी बॅग उचलली त्या दिवसाचे पैसे. मी गावी आलो. ऊस तुटून गेलेला, खोडव्याला पाणी सुटायचं होतं. त्या मोकळ्या रानात ढेकळांवरून बॉल मारायला सुरुवात केली. ढेकळावरून मारायचं तर आधी बॉलला क्लब लागला पाहिजे आणि मग माती. जरा मागे लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या. बंकरचा, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्याचा सराव मात्र मला कुठल्याही क्लबापेक्षा चांगला मिळाला. बाहेर पडायला मोकळीक मिळाल्यावर मी संगम माहुलीला जायचो. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं उन्हाळ्यात पात्राच्या कडेला वाळू उघडी पडते. कोरडी वाळू, ओली वाळू, वर पापुद्रा धरलेली वाळू, सगळे प्रकार. बंकरमध्ये बॉलला क्लब लावायचाच नसतो. बॉलच्या मागे दोन बोटं वाळूत मारायचं आणि वाळूनंच बॉल बाहेर काढायचा. म्हशी धुवायला आलेला एक आजोबा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "पोरा, हातानं उचल की. कोण बघतंय?"

घरात या सगळ्याला काय नाव द्यावं हे कुणाला कळत नव्हतं. मग 7 ऑगस्ट 2021 उजाडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या दिवशी पदकाच्या शर्यतीत होती आणि ज्यांनी जन्मात गोल्फ बघितला नव्हता ते लोक भल्या पहाटेपासून टीव्हीसमोर. ती चौथी आली, ब्राँझपदक एका फटक्यानं गेलं. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि देश गोल्फ विसरला. पण सकाळी मला फोनवर फोन येत होते, "हाच का रं तुझा खेळ?" आमच्या जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याच ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत होता आणि पुण्याचा उदयन माने गोल्फमध्ये. मानेला तर अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतल्यावर ऐनवेळी जागा मिळाली होती. वडिलांना ही बाब फार महत्त्वाची वाटली. कुणीतरी माघार घेतं आणि आपला नंबर लागतो, हे त्यांना सोसायटीच्या कर्जामुळे ओळखीचं होतं.

पुढच्या वर्षी क्यू-स्कूलला जायचं ठरलं. पैसे शेतातलं आलं विकून मिळालेल्या पट्टीतून. ज्यांच्या बॅगा मी उचलल्या होत्या त्यांच्यातल्या एकांनी वापरलेला पण पूर्ण सेट दिला, दुसऱ्यांनी बूट. आमच्या जिल्ह्यात खेळाडूला पैसे कमी पडायला लागले की एक गोष्ट हमखास निघते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. घरात ही गोष्ट दुसऱ्यांदा निघाली तेव्हा मी हात जोडून सांगितलं की खाशाबा ब्राँझ घेऊन आले, मी टूरवर खेळायचं कार्ड घेऊन येईनच असं नाही, तेव्हा घराला हात लावायचा नाही.

क्यू-स्कूल अहमदाबादजवळ होती. आधी प्राथमिक टप्पा, त्यातून वर आलेले अंतिम टप्प्यात, आणि अंतिम टप्पा चार दिवस, 72 होल. ठरावीक क्रमांकाच्या वर संपलात तर त्या हंगामाचं पूर्ण कार्ड, म्हणजे देशातल्या व्यावसायिक टूरच्या स्पर्धांत खेळायचा हक्क. त्याखाली संपलात तर जागा रिकामी झाली की बोलावणं.

तिथं गेल्यावर पहिल्यांदा कळलं की समोरचे सगळे माझ्यासारखेच. दिल्ली, कोलकाता, चंदीगड, बंगळुरू, लखनौ, जिथं जिथं जुनी मैदानं आहेत तिथली कॅडी पोरं. आणि त्यांच्याच शेजारी अमेरिकेतल्या कॉलेजात गोल्फ खेळून आलेली, फिजिओ सोबत असलेली पोरं. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, नाव पुकारलं की दोघं शेजारी उभे राहतात आणि बॉल कुणाचा आहे ते बॉलला कळत नाही. मात्र पहिल्या दिवशी कुणाचा हात थरथरतो ते मला कळत होतं. इतकी वर्षं लोकांच्या हाताकडेच बघत आलो होतो.

नियमांनी तिथं जास्त माणसं मारली. एका गटात एका पोराचा बॉल झाडीत गेला. सापडेल न सापडेल म्हणून त्यानं दुसरा बॉल ठेवला आणि सोबतच्यांना हिंदीत म्हणाला, मी आणखी एक मारतो. मारला. पुढे पहिला बॉल तीन मिनिटांच्या आत सापडला, चांगल्या जागी. पण तो खेळता येईना. दुसरा बॉल हा तात्पुरता, म्हणजे 'प्रोव्हिजनल' आहे, असं आधी स्पष्ट सांगावं लागतं. 'आणखी एक मारतो' एवढं चालत नाही. न सांगता मारला की तोच खेळातला बॉल होतो, एक फटका दंड आणि अंतरही गेलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाच्या तोंडी तो शब्द आपोआप येतो. या पोराला कुणी सांगितलाच नव्हता. रेफरीनं नियमच पाळला, त्याचं काही चुकलं नाही. पण मी त्या रात्री खोलीतल्या सगळ्यांकडून तो शब्द म्हणून घेतला.

स्कोअरकार्डाचंही तसंच. आपला स्कोअर आपण लिहीत नाही, सोबतचा खेळाडू लिहितो. आपण तपासून सही करायची. सहीनंतर एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा निघाला तर स्पर्धेतून बाद. जास्त निघाला तर तोच कायम. 1968 च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत रॉबर्टो दे व्हिसेन्झोनं सतराव्या होलवर तीन फटके मारले होते, कार्डावर चार पडले, त्यानं सही केली आणि बरोबरी फोडायचा प्लेऑफ हुकला. ही गोष्ट मला बॅग उचलायला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका म्हाताऱ्या कॅडीनं सांगितली होती. त्यामुळे मी कार्ड देण्याआधी प्रत्येक होल बोटावर मोजायचो आणि मागच्या गटातले वैतागायचे.

निकालाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिले दोन दिवस पारच्या, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांच्या आसपास होतो, तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि लांब आयर्नचे, म्हणजे लोखंडी क्लबचे फटके उजवीकडे वाहवत गेले. चौथ्या दिवशी पटांनी थोडं सावरलं. पूर्ण कार्डाच्या रेषेखाली संपलो. बोलावणं येणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं.

बोलावणं आलं की धावपळ. साताऱ्याहून पुणे, तिथून रेल्वे. कधी जमशेदपूर, कधी कोइमतूर, एकदा तर आसामात थेट दिग्बोई, जिथं पोहोचेपर्यंत पाठीचा निम्मा खेळ संपलेला असतो. एका खोलीत तिघं. सरावाच्या दिवशी एकमेकांची बॅग उचलायची, कारण कॅडी लावला की त्याची आठवड्याची रक्कम आणि बक्षिसातले साधारण पाच ते दहा टक्के. स्वतः कॅडी राहिलेला माणूस यात घासाघीस करू शकत नाही, ही एक अडचण. मैदानात सव्वाशेच्या आसपास खेळाडू. दोन दिवसांनी कट पडतो, पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. बाकीच्यांना एक रुपयाही नाही. एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला साधारण 15 लाख जातात, मग आकडा भराभर खाली येतो आणि कटच्या काठावर राहिलेल्याचा प्रवास आणि मुक्काम सुटला तरी नशीब. सहा फुटांचा एक पट गेला किंवा राहिला यावर त्या महिन्याचं घरभाडं असतं. त्या पटला लाईन द्यायला शेजारी कुणी नसतं आणि चुकली तर शिव्या घालायलाही कुणी नसतं.

'कॅडी ते चॅम्पियन' या मथळ्याचा मला म्हणूनच राग येतो. अली शेर, चौरसिया यांनी जे केलं ते अफाटच आहे. पण त्या मथळ्यात मधलं सगळं गाळलेलं असतं. मध्ये आमच्यासारखे शेकडो आहेत जे कॅडी होते, आता प्रो आहेत आणि हिशोब करतायत. हे सगळे हरलेले नाहीत. त्यांचा स्कोअर रविवारच्या पानावर येत नाही एवढंच. एका बातमीदारानं मला विचारलं होतं, घरी दोन वेळचं जेवण मिळायचं का? मी म्हटलं, आमचं आलं त्या वर्षी चांगल्या भावानं गेलं होतं. त्यानं ते छापलं नाही.

आता माझं बरंचसं पोट शिकवण्यावर चालतं. पुण्याच्या एका रेंजवर आठवड्यातले काही दिवस शिकवतो, उरलेल्या वेळात स्वतःचा सराव, बोलावणं आलं तर स्पर्धा. हौशी खेळाडू व्हायचं ठरवलं तर रीतसर अर्ज करून परत होता येतं. एका हितचिंतकानं ते सुचवलंही. पण मग शिकवण्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे पुन्हा तोच हिशोब.

साताऱ्याहून पालकांचे फोन येतात, 2023 पासून जरा जास्तच. त्या वर्षी अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि शहरातल्या निम्म्या आईबापांना वाटलं, आपल्या पोरीचाही असाच एखादा खेळ असेल. मी त्यांना आधी अंतर सांगतो. तिच्या प्रकारात निशाणा 50 मीटरवर असतो. रानातली एक पट्टी सपाट केली की सराव सुरू होऊ शकतो. गोल्फमध्ये ड्रायव्हर या सर्वात लांब मारणाऱ्या क्लबचा एकच फटका अडीचशे मीटर जातो. तेवढं रान मोकळं ठेवणारा शेतकरी माझ्या माहितीत नाही, माझे वडील तर नाहीतच.

परवा शाहूनगरमधून एका आईंचा फोन होता. मुलगी अकरा वर्षांची, पूर्ण सेट किती लाखाला पडेल म्हणून विचारत होत्या. सेट घेऊ नका म्हटलं. सातचा आयर्न आणि एक वेज, हे दोन क्लब पुरे, तिच्या उंचीचे कापलेले माझ्याकडे आहेत. शनिवारी सकाळच्या विनाथांबा गाडीनं स्वारगेटला उतरा, तिथून कसं यायचं ते कळवतो. दोन-तीन शनिवार येऊ द्या, कंटाळली तर सोडून द्या.

"आणि कपडे? त्यांचे ते वेगळे कपडे असतात ना?"

"कॉलरचा टी-शर्ट हवा. जीन्स चालत नाही."

"मग शाळेचा पीटीचा ड्रेस चालेल?"

"चालेल," म्हटलं. "टोपी मात्र आणा, तिथं सावली नाही."